शेद्लियाच्या गुडघ्यातला पहारेकरी

तुम्ही मला पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही. मी अंधारात जन्मलो आणि अंधारातच राहतो. पत्ताच विचाराल तर नाबल शहराच्या थोडं पुढं, समुद्राकडे उतरणाऱ्या गल्लीत, अंगणात कडू संत्र्याचं झाड असलेल्या घरात, शेद्लिया नावाच्या बाईच्या उजव्या गुडघ्यात. मी एक वण आहे. चामडीवर जी उभी रेघ दिसते ती माझी धाकटी बहीण. येणारेजाणारे तिलाच बघतात आणि "अरेरे" म्हणतात. मी तिच्या आत, धातूच्या सांध्याभोवती गुंडाळलेला थोरला. मला कोणी "अरेरे"सुद्धा म्हणत नाही.

मला डोळे नाहीत. पण हाडातून आवाज फार लांबून येतात, आणि शेद्लियाच्या मनात जे येतं ते रक्तातून माझ्यापर्यंत पोचतं, थोडं उशिरा आणि थोडं कोमट होऊन. म्हणून माझी गोष्ट जराशी स्वप्नासारखी वाटली तर रागावू नका. निम्मा वेळ मी झोपेतच असतो.

माझ्या आधी इथं एक गादी होती. मऊ, ओलसर, गुळगुळीत. तिनं शेद्लियाला सगळी उमर साथ दिली. लग्नांत नाचवलं, टेकडीवरच्या ऑलिव्हच्या बागेत नेलं आणि दर उन्हाळ्यात लाकडी परातीपुढं जमिनीवर बसवलं. मग ती झिजली. हाडावर हाड घासायला लागलं तेव्हा शेद्लिया जिना चढताना एकेका पायरीला एकेका पीराचं नाव घ्यायची. गादी गेली, पण तिची स्वप्नं हाडांत राहून गेली आणि मला ती आयतीच मिळाली. त्यातलं एक फार वेळा पडतं. चटई आहे, चटईवर परात, परातीत रवा, आणि तळहाताखाली गोल गोल फिरत बारीक दाणे तयार होताहेत. स्वप्नात हात फिरत असतो आणि गुडघा दुमडलेला असतो. दुमडणं म्हणजे काय हे मला ठाऊकही नव्हतं, तेव्हापासून मी ते स्वप्न बघतोय.

संत्र्याचा मोहोर तोडून घराघरांत चादरींवर पसरतात, त्या दिवसांत तिला शहरातल्या इस्पितळात नेलं. ती गाढ झोपली होती. हाडं कापली गेली आणि त्यांच्या जागी एक थंड, जड, चकचकीत माणूस येऊन बसला. माणूसच म्हणतो मी त्याला, दुसरं काय म्हणू? हाडं घाबरली. रक्तानं हाक मारली. त्या हाकेनं मी जन्मलो, कोळ्याच्या जाळ्यासारखा, एकेका धाग्यानं. मला जन्मताच दोन कामं सांगितली होती: जखम दिसली की मिटवायची, आणि परका दिसला की त्याला वेढा घालायचा. हा परका बोलावून आणलेला आहे, हे मात्र मला कोणी सांगितलं नाही.

आमच्याकडे पाहुण्याला तीन दिवस काही विचारायचं नाही अशी रीत आहे. मीही विचारलं नाही. चौथ्या दिवशी विचारलं, "निघणार कधी?"

"मी राहायला आलोय," धातू म्हणाला. त्याचा आवाज अगदी सपाट होता.

मग मी भिंत बांधायला घेतली.

शेद्लिया घरी आली आणि तिच्यामागोमाग सगळं गाव आलं. आमच्या गावात आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे त्याच्याशी वैर धरणं. सकाळी कॉफीच्या वेळेला पहिली बाई यायची आणि दिवेलागणीला शेवटची उठायची. कोणी साखर आणायचं, कोणी दह्याच्या वाट्या, कोणी बसीसाचं खमंग पीठ. सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य.

"हलू नकोस गं बाई, देवाशपथ हलू नकोस!" शेजारची नफीसा दारातूनच ओरडायची. "जन्मभर राबलीस, आता पाय पसर."

"पसरलेलाच आहे," शेद्लियाचा नवरा खमैस म्हणायचा. त्यानं उभं आयुष्य पावाच्या भट्टीपुढं काढलं होतं आणि तिथली ऊब त्याच्या बोलण्यात राहिली होती. "आणखी पसरला तर भिंत पाडावी लागेल."

सून वसीला तर डोळ्यांत तेल घालून पहारा करायची. सासूनं पाणी मागायच्या आत पेला हजर. जेवणाचं ताट पलंगावर. आणि गुडघ्याखाली उशी, तिच्या स्वतःच्या लग्नातली, कडेनं चांदीच्या जरीचं भरतकाम केलेली. ती उशी तिनं कधी पाहुण्यालासुद्धा दिली नव्हती. उशी खाली आली की गुडघा अर्धवट वाकून तिच्यावर विसावायचा. ना धड सरळ, ना धड दुमडलेला. दुखणं थांबायचं. शेद्लिया "अल्लाह तुझं भलं करो" म्हणायची आणि डोळे मिटायची. माया काय असते ते मी त्या उशीवर शिकलो. जाड व्हायलाही मी तिथंच शिकलो. ढवळणारं कोणी नसलं की दुधावर साय धरते तसा मी धरत गेलो, आज एक पदर, उद्या दुसरा.

व्यायाम शिकवायला रौदा नावाची फिजिओ यायची. अंगकाठी किरकोळ, पण अंगठे लोखंडाचे.

"खालती शेद्लिया, सांगितलेला व्यायाम केला?" ती विचारायची. खालती म्हणजे मावशी.

"केला गं."

"कधी?"

"मनातल्या मनात."

"आणि ही उशी कुणाची?"

"सुनेची माया आहे ती."

"मग माया डोक्याखाली घ्या. गुडघ्याखाली नको." रौदा उशी ओढून काढायची. "पाय लांब सोडायचा, टाच ओढायची, पुन्हा सोडायचा. दर तासाला. किती वेळा सांगू?"

"अगं, घरभर बायका असतात. त्यांच्यापुढं पाय ओढत 'आई गं, मेले गं' करत बसू? ज्यांना मी कॉफी पाजायची त्यांच्यासमोर कण्हू? घराची लाज आहे का नाही काही?"

रौदानं कपाळाला हात लावला. "खालती, आत एक जण भिंत बांधतोय. तुम्ही जितक्या निपचित पडाल तितका तो खूष."

माझ्याबद्दल कोणी बोललं असं ते पहिल्यांदाच. खोटं कशाला सांगू, मी फुशारलो. त्या दिवशी मी आणखी दोन धागे जास्त विणले.

जर्दाळू बाजारात आले तेव्हा वसीलानं एक पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची आणली आणि तिच्यावर दोन गाद्या बांधल्या. "उम्मी, ही तुमच्यासाठी. उन्हाळ्यात कुस्कूस वळायला बसू तेव्हा तुम्ही इथं बसून सांगायचं. आम्ही सगळ्या वळू."

शेद्लियाच्या मनातला नकार रक्तातून माझ्यापर्यंत खाली आला.

"मी खाली बसणार आहे," ती म्हणाली.

"कशाला उगीच? नमाज नाही का खुर्चीवर पढत तुम्ही? अल्लाह कबूल करतोच ना?"

"अल्लाह करतो गं, तो दयाळू आहे. परात करत नाही."

वर्षभराचा कुस्कूस आमच्याकडे ऐन उन्हाळ्यात एका दिवसात होतो. गल्लीतल्या बाया जमतात, परातीभोवती जमिनीवर बसतात, एक पाय दुमडलेला आणि एक परातीला लागून लांब केलेला. रव्यावर मिठाचं पाणी शिंपडायचं, तळहातानं वळायचं, चाळायचं, वाफवायचं, आणि गच्चीवर चादरींवर वाळवायचं. खाली बसलेल्यांच्या हाती घर असतं. शेद्लियानं आपली सासू शेवटची काही वर्षं भिंतीला लावलेल्या खुर्चीवर पाहिली होती. सगळे तिच्या कपाळाचं चुंबन घ्यायचे आणि पुढं जायचे. मीठ पुरे का, एवढं तिला पुन्हा कोणी विचारलं नाही. शेद्लियाला मरणाची भीती नव्हती. तिला त्या खुर्चीची भीती होती.

त्या दिवशी तिनं घाबरून एकटीनंच टाच ओढून पाहिली. मी हललो नाही. मी आता धागा राहिलो नव्हतो, दोरखंड झालो होतो. ती रडली, आणि तिचं रडणं खारट होऊन माझ्यापर्यंत आलं. मला वाटलं, हिला आणखी सांभाळलं पाहिजे. मी आणखी घट्ट झालो. असा मी.

शहरातल्या डॉक्टरांनी गुडघा धरून वाकवला. तो काटकोनाच्या बराच आधी अडला.

"आत वण आवळलाय," ते म्हणाले. "भूल देऊन वाकवावा लागेल. सुटला तर सुटला. पण त्यानंतर रोज हलवला नाहीत तर पुन्हा इथंच येऊ, आणि मग माझ्या हातात फारसं काही नाही."

"दुखेल?" खमैसनं विचारलं.

"त्यांना तेव्हा कळणार नाही."

त्यांना कळणार नव्हतं. मला कळणार होतं.

मग ती सकाळ. शेद्लिया झोपली आणि तिची झोप धुक्यासारखी खाली माझ्यात उतरली. मला तेच जुनं स्वप्न पडलं. चटई, परात, रवा, गोल फिरणारा हात. फक्त या वेळी स्वप्नातला गुडघा खरोखर दुमडायला लागला. दोन हातांनी नडगी धरली होती आणि हळूहळू, सावकाश, मागं नेत होते. मी ताणलो. मी "नको" म्हणालो. जुनी चादर फाटावी तसा आवाज झाला आणि तो आवाज मीच होतो. आणि फाटत असतानाच मला कळलं, दुमडणं म्हणजे हे. जे मी जन्मापासून स्वप्नात बघत होतो ते हे होतं, आणि त्याच्या आड उभा राहिलेला मीच होतो.

सगळं शांत झाल्यावर धातू दुसऱ्यांदा बोलला. "मी बसून राहायला आलो नव्हतो रे," तो म्हणाला. "मी हलायला आलोय."

माझ्या चिंध्या झाल्या होत्या. पण स्वभावाला औषध नसतं. संध्याकाळ व्हायच्या आत त्या चिंध्यांची टोकं एकमेकींना शोधायला लागली होती.

घरी आल्यावर बातमी पसरली की बिचारीला दुसऱ्यांदा टेबलावर घेतलं, आणि गाव दुप्पट आलं. नफीसा जर्दाळूंची टोपली घेऊन दारात. "हलू नकोस गं बाई!"

वसीला उशी घेऊन आत आली.

शेद्लिया पलंगाच्या कडेवर बसली होती. गुडघा भोपळ्याएवढा सुजला होता, ठणकत होता. तिनं उशीकडं पाहिलं, मग दारातल्या बायकांकडं. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला रक्तातून नेहमीसारखं उशिरा नाही कळलं, लगेच कळलं, कारण ती मोठ्यानंच बोलली.

"नफीसा, मला बघायला आलीस ना?"

"म्हणजे काय!"

"मग मोजे घाल आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बस. टाच फरशीवर ठेव. मी ओढीन तशी ओढ."

"मला काय धाड भरलीय?"

"तुला काही झालं नाही म्हणून तर. घरच्या बाईनं एकटीनं कण्हायचं आणि पाहुण्यांनी बघत कॉफी प्यायची, ही कुठली रीत? माझ्या घरी आलात तर माझ्याबरोबर कण्हा. नाहीतर दही ठेवा आणि जा."

पाहुण्याला "जा" म्हणणं आमच्या गावात कोणी ऐकलेलं नाही. खमैस उठला. मला वाटलं, आता हा माफी मागणार. त्यानं आतून आपल्या लोकरीच्या मोज्यांचे जोड आणले आणि दारात वाटायला उभा राहिला.

"घ्या, टाच बरी घसरते," तो म्हणाला. "जिची टाच ओढली जाणार नाही तिला कॉफी नाही. घरमालकाचा हुकूम आहे, आणि घरमालक ती आहे."

नफीसाचं हसू फुटलं. एकीचं फुटलं की सगळ्यांचं फुटतं. चार बाया पलंगापुढं रांगेनं बसल्या आणि टाचा फरशीवर घसरायला लागल्या. कण्हणं सुरू झालं. बहुतेक खोटं, पण एक त्यात खरं होतं. शेद्लिया एकटी कण्हली असती तर लाज गेली असती. सगळ्या कण्हल्या तर त्याची मैफल झाली.

नफीसानं आणखी एक खोडी काढली. तिच्या भावजयीनं दोनदा साखरपुडा कसा मोडला ती गोष्ट ती रोज सांगायची, आणि ऐन गाठीवर येऊन थांबायची. "नवरदेव दारात, आणि आतून आवाज आला की... ओढ आधी."

"अगं सांग ना!"

"ओढ. आणखी. त्या पलीकडच्या लादीच्या रेघेपर्यंत. हं. आवाज आला की, मुलगी खिडकीतून गेली!"

बाया किंचाळायच्या, शेद्लिया हसायची, आणि हसताना तिच्या मांडीचा स्नायू सैल पडायचा. त्या सैल क्षणात मी जो धागा काल घट्ट बांधलेला असायचा तो लांबायचा. तुटायचा नाही, लांबायचा. तुटणं मी पाहिलं होतं. हे निराळं होतं. उन्हात ठेवलेल्या मेणासारखं काहीतरी माझ्यात होत होतं, आणि ते मला आवडायला लागलं, हे मी तुम्हाला सोडून कोणाला सांगितलेलं नाही.

वसीला मात्र उशी छातीशी धरून कोपऱ्यात उभी होती. बाया गेल्यावर ती म्हणाली, "मला वाटलं मी सेवा करतेय."

"करत होतीसच गं पोरी," शेद्लिया म्हणाली. "इतकी तर माझ्या मुलानंही केली नाही. पण मला आता सेवा नको. सोबत हवी. ये, इथं हात लाव. ढकल जरा. ओरडले तरी सोडू नकोस."

वसीलानं नडगीवर हात ठेवला. सासू ओरडली आणि पहिल्यांदाच सुनेनं हात काढला नाही. त्या घरात तेवढं धाडस कोणी केलं नव्हतं.

माझ्या बहिणीची टाके काढलेली रेघ पुरती भरली तेव्हा रौदानं ऑलिव्हचं तेल लावून गुडघ्याच्या वाटीभोवती अंगठ्यानं चोळायला सांगितलं. "गोल फिरवा, हलकं दाबा, चामडी खालच्या थराला चिकटू देऊ नका." शेद्लियानं तेल घेतलं आणि अंगठा सोडून सगळा तळहातच ठेवला. तिच्या हाताला गोल फिरणं एकच ठाऊक होतं. रौदा बघत राहिली. मग हसून म्हणाली, "चालेल. असंच रोज करा, कुस्कूस समजून." वरून आलेली ती फिरणारी ऊब मी ओळखली. ती माझ्या स्वप्नातली होती.

निवडुंगाची फळं हातगाडीवर आली, आणि तो दिवसही आला. मोठ्या खोलीत चटई, चटईवर परात. बाया बसल्या. एक जागा रिकामी होती आणि भिंतीपाशी ती पांढरी खुर्ची. सगळ्यांची नजर माझ्यावर होती. म्हणजे गुडघ्यावर.

शेद्लिया खुर्चीपाशी गेली. शेद्लियानं खुर्चीच्या दांड्यावर हात ठेवला, पण बसली नाही. खुर्ची ओढत परातीपाशी आणली, दोन्ही हातांनी तिची बैठक धरली, डावा गुडघा खाली टेकवला आणि उजवा वाकवायला घेतला.

आता सगळं माझ्यावर होतं. मी ताणलो. माझ्यातला पहारेकरी जागा झाला. म्हणाला, थांब, धोका आहे. एका श्वासापुरता मी अडलो. वरून नफीसाचा आवाज आला, "...आणि तिसऱ्या साखरपुड्याला काय झालं माहितेय?"

"काय?" शेद्लिया हसत, दात आवळत म्हणाली.

"खाली बस. मग सांगते."

मी सोडलं. माझ्या मर्जीनं. एकेक धागा लांबला, धातू आवाज न करता फिरला आणि शेद्लिया चटईवर बसली. दुमडायला तिनं डावा पाय घेतला, माझा पाय परातीला लागून लांब केला. पूर्वीसारखी मांडी नाही आली. ती पुन्हा कधी येणारही नाही. पण परातीचं लाकूड माझ्या पायाला टेकलं आणि तिचा हात रव्यात गेला.

रिकाम्या खुर्चीवर कोणीतरी मिठाच्या पाण्याचं भांडं ठेवलं. वसीलानं त्यातली ओंजळ रव्यावर शिंपडली, थांबली, आणि सासूकडं पाहून विचारलं, "उम्मी, मीठ पुरे?"

शेद्लियानं ओला रवा जिभेवर ठेवला.

"आणखी एक चिमूट," ती म्हणाली.

त्याला आता किती तरी उन्हाळे झाले. मी अजून आहे. मी जाणार नाही, शेद्लिया जाईपर्यंत तरी नाही. रोज सकाळी ती पलंगाच्या कडेवर बसून मला ताणते, तेल लावून गोल चोळते, आणि खमैस म्हणतो, "झाली का तुझ्या सवतीची आंघोळ?" थंडीत किंवा आळसात दोनचार दिवस गेले की मी लगेच साय धरायला लागतो. माझा राग धरू नका. कोणीतरी जखमी झालंय म्हणून मला बोलावलं होतं, आणि मला थांबायला सांगायचं सगळे विसरले. मला हाकलता येत नाही. मला रोज थोडं हलवावं लागतं, एवढंच.

तुमच्या घरी कोणी गुडघा, खुबा, असं काही बसवून आलं असेल तर तिथंही माझाच कोणी भाऊबंद अंधारात काम करत असेल. तुम्हाला त्या माणसाची माया असेल तर उशी त्याच्या डोक्याखाली द्या. आणि मोजे घालून त्याच्यासमोर बसा.

आता थांबतो. वर परात सरकवल्याचा आवाज झाला. रवा संपलेला दिसतोय, आणि शेद्लियाचा हात खुर्चीच्या दांड्यावर आलाय. तिला उठायचंय, मला वाकायला हवं.